अप्पांची ढगात रवानगी

"अप्पांना आता ठेवण्यात अर्थ नाही," सूनबाई फोनवर सांगत होती. "नुसती जागा अडवून बसलेत. त्यांच्याकडचं सगळं काढून घेऊ, ढगात पाठवू आणि करू बंद."

दाराबाहेरून पाण्याचा तांब्या घेऊन चाललेले अप्पा जागच्या जागी थिजले.

आता यात सूनबाईचा दोष म्हणाल तर एवढाच, की ती सासऱ्यांना फार मान द्यायची. तिच्या कंपनीचं ॲप होतं. लोकांचे कपडे घरून न्यायचे आणि धुऊन, इस्त्री करून परत द्यायचे. ॲपवर कुणी शर्ट दिला, कुणी शर्ट द्यायचं रद्द केलं, कुणाचा पासवर्ड चुकला, अशी प्रत्येक बारीकसारीक घटना ऑफिसच्या कोपऱ्यातलं एक जुनं यंत्र टिपून ठेवायचं. या टिपणांना ती मंडळी लॉग म्हणत. यंत्राचं 'अप्पा' हे नाव सूनबाईनंच ठेवलं होतं, आणि नाव सासऱ्यांचं म्हटल्यावर त्याला अरेतुरे कोणत्या तोंडानं करणार? मग 'अप्पा दमलेत', 'अप्पांना जरा उठवा' असं सुरू झालं आणि बघता बघता सगळं ऑफिस त्या डबड्याशी अदबीनं बोलू लागलं. ते लॉग आता क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्या एका कंपनीच्या भाड्याच्या जागेत पाठवायचे होते. क्लाउडला सूनबाई गमतीनं ढग म्हणायची. तिनं यंत्राला नुसतं 'तो' म्हटलं असतं, तर ही कथा इथंच संपली असती.

पण देव कुणाच्या तोंडून काय वदवील, सांगता येत नाही. त्यातून अप्पा मुळातच संशयी. दूधवाला हसून बोलला, तर त्या दिवशीचं दूध ते दोनदा वास घेऊन बघत.

तांब्या तसाच हातात घेऊन ते खालच्या मजल्यावरच्या निवृत्त कंपाउंडरांकडे गेले.

"'ढगात' असंच म्हणाली?" कंपाउंडरांनी विचारलं. "नीट ऐकलंत ना?"

"पंखासुद्धा बंद होता."

कंपाउंडरांनी बराच वेळ विचार केला. मग सल्ला दिला, की घरात चेहरा नेहमीसारखा ठेवायचा, पुरावा गोळा करायचा आणि समोर येईल तो घास आधी दुसऱ्याच्या तोंडात जाऊ द्यायचा. संध्याकाळी अप्पांनी गुपचूप आपला कप मुलाच्या कपाशी बदलला. मुलगा तो बिनसाखरेचा चहा एक अक्षर न बोलता पिऊन गेला, त्यामुळे तोही कटात सामील असल्याची अप्पांची खात्री पटली. तरी पोटचा पोर म्हणून त्यांनी एक संधी दिली.

"मी या घरात फार जागा अडवतो का रे?"

"थोडं सरका की मग," सोफ्यावर मोबाइल बघत बसलेला मुलगा म्हणाला.

त्या दिवसापासून अप्पा आक्रसत चालले. त्यांनी आपली ट्रंक पलंगाखाली ढकलली, सगळे कपडे एकाच खुंटीला टांगले आणि सोफा सोडून ते स्टुलाच्या कडेवर बसू लागले. एरवी सूनबाईचं काम आटोपलं, की जिन्यात कोण भेटलं, कुणाकडे पाहुणे आले, गॅसवाला काय बोलला, सगळं तिला साग्रसंगीत सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. तेही बंद झालं. बरं नाही का, असं तिनं काळजीनं विचारलं, तेव्हा ही आपला अंदाज घेतेय, हे त्यांनी ओळखलं.

तशात दाराआडून पुन्हा ऐकू आलं, "एकदम नको, थोडं थोडं देत जाऊ. काल देऊन बघितलं, पण पचलं नाही, सगळं परत आलं. आता रविवारी दुपारी उरकू. कुणाला कळणारसुद्धा नाही."

परत आले होते ते ढगानं न स्वीकारलेले लॉग, पण नेमकी कालच अप्पांना उलटी झाली होती. ती कंपाउंडरांनी आग्रहानं खायला घातलेल्या काळ्या पडलेल्या केळ्यांमुळे झाली होती, पण हे त्या दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

रविवारी दुपारी कंपाउंडर काठी घेऊन बाहेरच्या खोलीत पहाऱ्याला बसले. शेजारी स्टुलावर अप्पा. आतून सूनबाईचा आवाज आला, "गेले का अप्पा? अजून धुगधुगी आहे? बरं, सगळं वर पोचलं, की वायर काढून टाक."

कंपाउंडरांनी जुन्या सवयीनं अप्पांची नाडी बघितली. ती चालू होती, जरा जास्तच. पुढं काय करायचं हे त्यांना सुचेना. अप्पाच उठले आणि त्यांनी दार ढकललं.

"सूनबाई," ते म्हणाले, "वर जायला माझी ना नाही. त्याचं बोलावणं आलं, की जाईन. तोवर कोपऱ्यात पडून राहीन, म्हणशील तेवढ्याच जागेत. पण तुझ्या हातून नको गं."

सूनबाईला आधी काही कळेना. मग कळलं तेव्हा हसू आलं, आणि सासऱ्यांचे डोळे दिसले तसं ते ओठांवरच राहिलं. तिनं लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. पडद्यावर ऑफिसचा कोपरा होता, कोपऱ्यात धुळीनं माखलेलं एक यंत्र, त्यावर चिकटवलेला कागद: अप्पा.

"फोटो कुठलाही दाखवता येतो," दारातून कंपाउंडर म्हणाले.

मग तिच्या सांगण्यावरून पलीकडच्या सहकाऱ्यानं यंत्राजवळ येऊन हात हलवला. कंपाउंडरांनी काठी खाली ठेवली.

"पण माझंच नाव का?" अप्पांनी विचारलं.

"कोण आलं, कोण गेलं, कुणी काय केलं, हे एवढं नीट दुसरं कोण ध्यानात ठेवतं?" सूनबाई म्हणाली. यंत्र न विचारतासुद्धा सगळं सांगत सुटतं, हे तिनं पोटातच ठेवलं.

"मॅडम, पोचलं सगळं," सहकारी म्हणाला. "अप्पांना बंद करू ना आता?"

अप्पा पडद्यावरच्या त्या डबड्याकडे बघत राहिले होते.

"राहू देत त्यांना," सूनबाई म्हणाली. "एक कोपराच तर अडतोय."

संध्याकाळी तिनं त्यांना हाताला धरून स्टुलावरून सोफ्यावर आणून बसवलं आणि स्वतः शेजारी टेकली.

"बरेच दिवस काही सांगितलं नाहीत, अप्पा. आज काय काय झालं?"

सांगण्यासारखं आठवडाभराचं तुंबलं होतं. अप्पांनी तोंड उघडलं. मग त्यांचं लक्ष टीपॉयवरच्या तिच्या मोबाइलकडे गेलं. त्यांनी तो पालथा घातला, वर उशी ठेवली आणि आवाज खाली आणून विचारलं,

"सांगतो. पण हे सगळं तू पुढं कुठे पाठवणार आहेस, ते आधी सांग."