पाण्याकडे तोंड केलेला टीव्ही

रंगनाथमामांच्या होडीवरचा टीव्ही पाण्याकडे तोंड करून ठेवलेला असतो. समोर बसून बघायचं तर माणसाला धरणात उतरावं लागेल. मामा स्वतः टीव्हीच्या पाठीमागे पोत्यावर बसतात आणि नुसतं ऐकतात.

मी औंढ्यात डिश बसवायची कामं करतो. गच्चीवर बसवली आहे, गोठ्यावर बसवली आहे. एके दिवशी फोन आला, "मिस्त्री, नावंवर डिश बसवता का?"

"कोणाच्या नावावर?"

"नावावर न्हाई, नावंवर. आमी सिद्धेश्वर धरणात राहतो."

गेलो. दोन होड्या एकमेकींना बांधून वर फळ्या ठोकलेल्या, त्यावर पत्र्याची एवढीशी खोली, पत्र्यावर सोलरची पाटी आणि आत ट्रॅक्टरची बॅटरी. मामा सत्तरीचे. जाळं टाकून मासे धरतात आणि तिथंच राहतात. हिंगोलीची लेक बोलावून थकली.

डिशचं मागणं फार नसतं. तोंड आग्नेयेला हवं आणि हलायचं नाही. होडीला नेमक्या याच दोन गोष्टी जमत नाहीत. मी डिश घट्ट केली, चित्र आलं, झुळूक आली, होडी जराशी वळली, चित्र गेलं. मामांनी चारी कोपऱ्यांना दोरीनं दगड सोडले. तरीही ती वळायचीच. मग मामा वल्हं घेऊन बसले. बातम्या देणारा माणूस अडकला की डावीकडे एक फटका, तो बोलू लागला की थांबायचं. मला सारखं म्हणत होते, "बराबर धरा मिस्त्री, बराबर धरा." मी नक्की काय धरायचं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मध्येच मला शिंक आली. मामांनी वळून पाहिलं.

"हलू नका. मंत्री गेला."

मी म्हणालो, "मामा, एवढी तकलीफ काहून घेता? काठावर खांब रोवू, टीव्ही तिथं ठेवा."

"काठावरून तिला दिसत न्हाई."

"कोणाला?"

मामांनी आभाळाकडे बघून वेळेचा अंदाज घेतला. "सात वाजून राहिले," म्हणाले. दगड वर ओढले आणि होडी आत नेऊ लागले.

अजून उजेड होता. वारा सुटला होता आणि सगळ्या धरणावर लाटांच्या सुरकुत्या पडल्या होत्या. एका ठिकाणी मात्र अंगणाएवढं पाणी सपाट होतं, सारवल्यासारखं. होडी तिथं पोचली आणि आपोआप थांबली. मामांनी वल्हं आत घेतलं. चित्र आलं आणि राहिलं. मी सिग्नलचा मीटर लावला. काटा जागचा हलेना. वाऱ्यानं माझी टोपी उडवली, पण होडी तसूभर वळली नाही.

"मामा, दगड न्हाई सोडले?"

"हितं लागत न्हाई. हितं ती धरून ठेवते."

मालिका सुरू झाली. तिचा निळा उजेड पाण्यावर पडला. होडीच्या तळाला काहीतरी हळूच घासलं. मी पाय वर घेतले.

"मासा असेल," मी म्हणालो.

"आसंल," मामा म्हणाले. माझं मन राखायला म्हणाले, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं.

मालिकेतली सून रडायला लागली तेव्हा टीव्हीसमोरच्या पाण्यात बारीक बुडबुडे आले. जाहिरात लागली तसे थांबले. जाहिरात संपली, पुन्हा आले. मी पाहिलं ते सांगतो आहे. त्याचा अर्थ मला विचारू नका.

परतताना मामा बोलले. त्यांची बायको दोन वर्षांपूर्वी तापानं गेली. सगळा संसार होडीवर झाला. टीव्ही घेऊ म्हणायची, मामा म्हणायचे पाण्यात कुठला टीव्ही. तिची राख त्याच जागी सोडली.

"त्या वक्ताला आणला आसता तर?" मामा म्हणाले आणि वल्हं मारत राहिले.

त्यानंतर वर्षभर मी काही ना काही दुरुस्तीला जात राहिलो, पण सातच्या आत निघायचो.

उन्हाळ्यात कालव्याला पाणी सोडलं आणि धरण उतरलं. मामांचा फोन आला. जाऊन बघतो तर ती जागा उघडी पडलेली, टेकाडच होतं ते. होडी चिखलात बसली होती. लेव्हल लावून बसवल्यासारखी सरळ. सिग्नलला यापेक्षा चांगली जागा मिळाली नसती, पण टीव्ही पोत्यात गुंडाळलेला होता.

"बिघडला का?"

"न्हाई." त्यांनी खाली बोट दाखवलं.

होडीपासून चिखलात पावलं उमटली होती. अनवाणी, लहान, बाईमाणसाची. ती कालव्याच्या दरवाज्याकडे गेली होती. परत आलेली मला दिसली नाहीत. मामा अजून होडीवरून उतरले नव्हते आणि त्यांचे पाय माझ्यापेक्षा मोठे आहेत. त्या ठशांवर पाय पडू नये म्हणून मी बाजूला सरकलो.

मामा मात्र निवांत होते. "हट्टा गावची व्हती ती. ह्यो कालवा तिकडंच जातो. माहेरी गेली."

मी म्हटलं, "मग डिश काढून नेऊ?"

"कशाला? पाऊस पडला की यील. माहेरी कोन किती दिवस राहतंय?"

"मग मला काहून बोलावलं?"

मामांनी पोतं झटकलं, नीट अंथरलं, त्याची घडी उगाच दोनदा सरळ केली.

"तिच्या पाठीमागं घर खायला उठतं, मिस्त्री. तुमाला घाई न्हाई ना?"

हिंगोलीला एक काम ठरलं होतं. मी फोन करून उद्या येतो म्हणून सांगितलं, चपला काढल्या आणि चिखलातून होडीवर चढलो. मामांनी चहा ठेवला.