लाल ठिपक्याचे भुंगेरे

गोदामात बावीस वर्षं काढलेल्या माणसाला चार किड्यांचं भय कसलं, सांगा! बायको आणि शेजारच्या मास्तरांची बायको, दोघी मिळून आठ दिवस सहलीला निघाल्या. फाटकातून वळून बायको म्हणाली, "घर आवरू नका हवं तर! पण माझं जास्वंदीचं कुंपण सांभाळा. चार वर्षं पोटच्या पोरासारखं वाढवलंय. आणि औषध मारायचं नाही, मांजर पानं चघळतं."

"अगं, तू निर्धास्त जा!" मी छाती फुगवून म्हणालो.

दुसऱ्याच दिवशी पानांची चाळणी! हिरवे भुंगेरे खुशाल चरत होते. सकाळचे सुस्त असतात, म्हणून चाळीस वेचून डब्यात भरले. चिरडायला गेलो तर माझ्याच अंगावर काटा आला. मग इकडेतिकडे पाहिलं आणि डबा भिंतीपलीकडे मास्तरांच्या कुंपणावर रिकामा केला. सुटलो बाबा!

तिसऱ्या दिवशी पुन्हा चाळीस! तेच की नवे? गोदामात आम्ही खिळ्यालाही खूण करतो. बायकोची लाल नेलपॉलिश घेतली, प्रत्येकाच्या पाठीवर ठिपका दिला आणि सगळे पलीकडे रवाना केले.

चौथ्या दिवशी लाल ठिपकेवाले हजर! वर प्रत्येकाला शेजारी एक पांढरा ठिपका, व्हाइटनरचा! व्हाइटनर वापरणारा आमच्या गल्लीत एकच माणूस.

"मास्तर!" मी भिंतीवरून ओरडलो. "किडे इकडे टाकता? लाज नाही वाटत?"

मास्तर स्टुलावर चढले. "चोराच्या उलट्या बोंबा! तुमचे तुम्हाला परत करतोय!"

"मुळात आले तुमच्याकडूनच!"

"पुरावा दाखवा, पुरावा!"

झालं! दोघंही इरेला पेटलो. सकाळी मी फेकायचो, संध्याकाळी ते. ठिपक्यांवर ठिपके चढले, काहींच्या पाठीवर तर जागाच उरली नाही. या धुमश्चक्रीत पानांकडे बघायला वेळ कुणाला होता?

आठव्या दिवशी दारात टॅक्सी थांबली. दोन्ही कुंपणांच्या नुसत्या काड्या झालेल्या, त्यामुळे रस्त्यावरूनच सगळा तमाशा दिसत होता. मी डबा उगारलेला, मास्तर स्टुलावर.

"पानं कुठायत?" बायकोनं विचारलं.

मास्तर हळूच स्टुलावरून खाली उतरले.

"एवढे पकडलेत, त्यातला एक तरी मारलात?"

मी डबा पाठीमागे लपवला. तिनं डबा हिसकावला, नळाखालच्या बादलीत साबणाचं पाणी केलं आणि डबा त्यात उपडा केला. "एवढंच करायचं होतं हो!" मग ती काड्यांवरून हात फिरवू लागली. तिचे डोळे भरले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"फुटेल गं पुन्हा," मी पुटपुटलो.

इतक्यात एक चुकार भुंगेरा उडून तिच्या बाहीवर बसला. तिनं तो निरखून पाहिला. मग स्वतःची नखं पाहिली. मग मला.

"हा रंग माझ्या बाटलीतला आहे ना?"

मी कधी नव्हे ते आशेनं मास्तरांकडे पाहिलं. शेजारधर्म म्हणून काही असतो की नाही?

मास्तर टुणकन स्टुलावर चढले. "वहिनी, हाच तो पुरावा!"