नऊची लाँच नऊला

“अहो, गॅस बंद केलात का?”

हा प्रश्न मास्तरीणबाईंना घरातून निघताना पडला नाही. धक्क्यावर पोचून, पिशव्या खाली ठेवून, तिकिटं काढून झाल्यावर पडला. मास्तरांनी आठवून पाहिलं. आठवेना.

“केला असेल.”

“असेल म्हणजे? आता तिकडे दहा दिवस माझा जीव त्या शेगडीतच अडकणार.”

बाईंच्या पोटात गाठ होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पलीकडच्या हॉस्पिटलात ऑपरेशन होतं आणि दाखल आजच व्हायचं होतं. आठवडाभर बाई एकच घोकत होत्या, “आत नेतील तेव्हा तुम्ही दारात उभे असा. मग मला कशाची भीती नाही.” आणि मास्तर म्हणाले होते, “असेन. दारातच असेन.” एकेचाळीस वर्षांच्या संसारात मास्तरांनी लेखी न दिलेलं हे पहिलंच आश्वासन.

कारण मास्तर सगळं लेखी द्यायचे. बेटावरच्या नळाला मचूळ पाणी येतं, भाजी पोचेपर्यंत मान टाकते, न्हावी एकच आणि तोही मनाचा राजा, या सगळ्यावर त्यांचे अर्ज होते. पण खरा राग लाँचवर. दिवसाला एकच लाँच आणि म्हणायला नऊची, पण ती पावणेदहाच्या आत कधी हलली नाही. कुणाच्या कोंबड्या यायच्या असतात, कुणाची सासू. अकरा वर्षं मास्तरांनी दर सोमवारी तिच्याविरुद्ध अर्ज दिला आणि पोच घेतल्याशिवाय तिकिटाची खिडकी सोडली नाही. लोक पाठीमागे त्यांना अर्जमास्तर म्हणत.

घड्याळात आठ चाळीस झाले होते. घर पाच मिनिटांवर.

“बघून येतो,” मास्तर म्हणाले. “तू आत बसून खिडकीची जागा धर. नऊची लाँच म्हणजे अजून तासभर आहे.”

घरी पोचले तर कुलूप उघडेना. खारा वारा बेटावर माणसांना नाही तर कुलपांना तरी खातोच. मास्तर समोरच्या दुकानात तेल मागायला गेले. दुकानदार बाटली हातात घेऊन उभा राहिला, पण “कुठे निघालात?” याचं उत्तर मिळेपर्यंत देईना. मास्तरांनी उत्तर दिलं, तेवढ्यात आतून त्याची आई ओरडली, “गाठ ना? अशाच तीन बायका माझ्या माहितीत. पहिल्या दोघी गेल्या. तिसरी आहे हो अजून, बरी आहे!”

मास्तरांचा चेहरा उतरला. ते तेल घेऊन निघाले.

कुलूप उघडलं. गॅस बंद होता. असणारच होता! पण आता तेलाने सैल झालेलं ते कुलूप लागेना. दाबलं की उघडायचं. शेवटी मास्तरांनी कडीला सुतळीचे सात वेढे घातले, गाठ मारली, आणि गाठ म्हटल्यावर त्यांचा हात क्षणभर थांबला.

तेवढ्यात भोंगा वाजला.

“दुरुस्त करून बघत असतील,” मास्तर पुटपुटले. भोंगा बिघडल्याचा अर्जही त्यांचाच होता. ते रमतगमत निघाले, वळणावरून लाँच हलताना दिसली आणि बिचारे धावत सुटले.

लाँच धक्क्यापासून वीसेक हात पुढे गेली होती. खिडकीत बाई उभ्या होत्या.

“अहो, गॅस?” बाई ओरडल्या.

“बंद होता!” मास्तर ओरडले.

त्यांना आणखी बरंच सांगायचं होतं. पण इंजिनाने जोर धरला आणि खिडकी लहान होत गेली.

“त्या उतरायला उठल्या होत्या हो,” तिकीटवाला धक्क्यावरच्या खोलीतून बाहेर येऊन म्हणाला. “पण चढण्या-उतरण्याची फळी काढून झाली होती. मी ओरडलो, थांब म्हणून. लाँचवाला म्हणाला, एक मिनिट उशीर झाला तर माझा पगार कापतील.” त्याने भिंतीकडे बोट केलं. सकाळीच चिकटवलेल्या नोटिशीची खळ अजून ओली होती. ‘प्रवाशांच्या वारंवार आलेल्या तक्रारींची दखल घेऊन लाँच यापुढे ठीक नऊ वाजता सुटेल.’

तक्रार करणारा प्रवासी एकच होता. तो पायरीवर बसला.

“दुसरी होडी?”

“इंजिनाची एकच, ती पहाटेच गेली. परवा उगवेल. तुम्ही वहिनींना फोन लावा ना.”

“फोन आमच्या घरात एकच. हा बघ, माझ्याकडे. आणि तिला माझा नंबर पाठ नाही रे. कधी गरजच पडली नाही.”

मग मास्तर सवयीने उठले आणि त्यांनी तक्रारवही मागितली. अख्खी वही त्यांच्याच वळणदार अक्षराने भरलेली. नव्या ओळीवर त्यांनी लिहिलं, ‘नऊची लाँच आज नऊ वाजता सुटली.’ पुढचा रकाना होता अपेक्षित कारवाईचा. तिथे पेन बराच वेळ टेकलेलं राहिलं. मग त्यांनी लिहिलं, ‘उद्या सकाळी सात वाजता मला एका दारात उभं राहायचं होतं. तिथे कुणाला तरी उभं करावं, ही विनंती.’

आणि पोच न मागताच ते वळले.

तिकीटवाल्याने वाचलं. शिक्का मारला, पोच फाडली आणि मागे धावत जाऊन मास्तरांच्या हातात दिली. “मास्तर, माझी बहीण त्या हॉस्पिटलच्या मागेच राहते. तिला सांगतो. आज धक्क्यावर घ्यायला येईल आणि उद्या सातच्या आधी दारात असेल. अकरा वर्षांत तुमच्या एका तरी अर्जावर त्याच दिवशी कारवाई होऊ दे की.”

मास्तरांनी मान हलवली. पोच घडी करून खिशात ठेवली.

“फक्त एक सांगा,” तिकीटवाला म्हणाला. “तिने वहिनींना कधी पाहिलेलं नाही. धक्क्यावर ओळखायचं कसं?”

“धक्क्यावर सोपं आहे. येईल त्याला सांगत असेल, गॅस बंद होता म्हणून.”

“आणि चुकामूक झाली तर? उद्या हॉस्पिटलात दहा बायका असतील.”

मास्तर समुद्राकडे बघत राहिले. लाँच आता ठिपक्याएवढी झाली होती.

“आत नेताना जी सारखी मागे वळून दाराकडे बघेल ना,” ते म्हणाले, “ती आमची.”