बिराजदार गुरुजींचं डोकं

गेलं वर्षभर बिराजदार गुरुजी गळ्यापर्यंतच अंघोळ करत होते. टकलावर, उजव्या कानाच्या वर जरा मागं, पेनानं काढलेली एक निळी फुली होती. तिला पाणी लागू द्यायचं नव्हतं. आमच्या मुरूम गावात कुणी नवखा माणूस फुलीकडं बघत राहिला की ते स्वतःहून माहिती देत, "हितं मशीन लावत्यात."

आम्ही एकाच शाळेतून निवृत्त झालो. ते गणित शिकवायचे, मी चित्रकला. त्यांची मुलगी शैला पुण्याला माणसाचं लक्ष कसं चालतं याचा अभ्यास करते. तिच्या प्रयोगात चिरफाड नाही, सुई नाही. डोक्याला बाहेरून नुसतं एक वेटोळं धरायचं. ते टकटक वाजतं आणि आत मेंदूला क्षणभर हलका धक्का बसतो. समोर पडद्यावर मधोमध अधिकचं चिन्ह. नजर तिथंच ठेवून, डावीउजवीकडं ठिपका चमकला की बटण दाबायचं. कुठला ठिपका हुकला, त्यावरून लक्ष द्यायचं काम मेंदूचा कुठला भाग करतो ते कळतं. गुरुजींना दर महिन्याला बोलावणं येई, आणि या खेपेला नाही आलं तर, ही धास्ती त्यांना एक तारखेपासून असे.

म्हणून सराव. ओसरीच्या भिंतीवर खडूनं अधिकचं चिन्ह काढून ते तासभर बघत बसत. एकदा शेजारच्या शेळीनं मांडीवरचं वर्तमानपत्र अग्रलेखासकट खाल्लं, तरी मान हलली नाही. आमच्याशी बोलताना मध्येच थांबून विचारत, "ध्यान हाय का? मी आत्ता काय म्हणलो?" बरोबर सांगितलं तर जरा नाराजच होत.

मागच्या महिन्यात फुली पुसट झाली. पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी ते माझ्यापुढं डोकं वाकवून बसले आणि गिरवा म्हणाले. मी गिरवली, आणि सोबतीला गेलोही.

शैलानं फुली बघितली नि ओठ दाबून हसू आवरलं. मी गिरवलेली फुली दोन बोटं खाली सरकली होती. शिवाय तिचा काही उपयोगच नव्हता. दर खेपेला शैला टेपनं नव्यानं मोजूनच खूण करत असे. चित्रकलेवाल्याला माप कळत नाही, असं सांगून गुरुजी मोकळे झाले.

ते आत बसलेले असताना तिथल्या एका मदतनीस मुलीनं मला सहज सांगितलं की घरच्या माणसाला खऱ्या प्रयोगात घेत नाहीत. नव्या लोकांना मशीन धरायचा सराव व्हावा म्हणून गुरुजींना बोलावतात. त्यांचे आकडे कुठंच जात नाहीत. मला फार वाईट वाटलं. चहाला बाहेर आल्यावर मी चाचरत विषय काढला.

"पहिल्याच दिवशी कळालंय मला," गुरुजी म्हणाले. "फॉर्मवर लिहिलं व्हतं. मास्तर हाय, वाचल्याबिगर सही करीन व्हय?" मग म्हणाले, "तिची आई गेल्यापासनं फोनवर दोन मिनिटं बोलती. जेवलात का, गोळी घेतली का. हितं दोन तास तिचं ध्यान माझ्यावर असतंय."

तेवढ्यात शैला आली. सगळ्यांचा हात बसलाय, पुढच्या महिन्यापासून तुम्हाला एवढ्या लांब यायचा त्रास नको, म्हणाली. गुरुजींनी मान डोलावली, चहा संपवला. मग, आयुष्यात स्वतःची चूक कधी कबूल न केलेला हा माणूस म्हणाला, "शैला, मघाशी माझं ध्यान हुकलं. आणखी एकदा घेतीस का?"

ती त्यांच्याकडं बघत राहिली. मग मदतनिसांना तिनं जेवायला पाठवलं, फोन बंद करून पिशवीत टाकला आणि गुरुजींना पुन्हा खुर्चीत बसवलं. मी दाराशीच होतो. मशीन तिनं लावलंच नाही, पडदाही काळाच होता. टेप घेऊन ती नुसतं त्यांचं डोकं मोजत राहिली, या कानापासून त्या कानापर्यंत.

"अप्पा, एकट्याला करमतं का हो तिकडं?"

गुरुजी काळ्या पडद्याकडं सरळ बघत होते.

"सावकाश मोज," ते म्हणाले. "गडबड न्हाय मला."