नोंद नसलेले दार

सुभानजीबाबांचे संग्रहालय पाहण्यासाठी तिकीट लागत नाही, तहान मात्र लागावी लागते. ती नसेल तर आणावी लागते. दगडूनाना पितळी तांब्या घेऊन उंबऱ्याशी उभे असतात आणि येणाऱ्याच्या हाती फुलपात्र ठेवून दोनच शब्द बोलतात, "आधी पाणी." ते पोटात गेल्याखेरीज नानांची किल्ली कुलपात जात नाही.

संग्रहालय म्हणजे भूमहून परंड्याकडे जाताना लागणाऱ्या आमच्या गावातील जुन्या चावडीची एक खोली. सुभानजीबाबा येथलेच मेंढपाळ. निजामाच्या अमलात गावावर जुलूम होऊ लागला, तेव्हा त्यांनी मेंढरे भावाच्या स्वाधीन केली, गोफण उचलली आणि डोंगर जवळ केला. वर्षभर त्यांनी शिपायांना झोप लागू दिली नाही. अखेर एका उन्हाळ्यात ते ओढ्याकाठी सापडले आणि तेथेच मारले गेले. त्यांची गोफण, घोंगडी, काठी, भाकरीचे फडके आणि तंबाखूची चंची एवढा येथला संग्रह. शिवाय भिंतीला टेकवून ठेवलेले एक जुने लाकडी दार.

"नाना, हे संग्रहालय हाय का पाणपोई?" पारावरची मंडळी विचारीत.

"आधी पाणपोई," नाना म्हणत. "जागा उरली म्हनून गोफन ठिवली."

मी प्रथम गेलो तो दिवस निर्जळा एकादशीचा. आयुष्यभर पाळलेले व्रत मोडणे मला शक्य नव्हते. मी माझी अडचण नम्रपणे निवेदन केली. नानांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि तांब्या खाली ठेवला.

"मग उद्या या, गुर्जी."

"अहो, साक्षात देवासाठी उपवास आहे."

"देवाला चालत आसंल. हितं चालत न्हाय."

दुसऱ्या दिवशी स्नानसंध्या आटोपून मी गेलो आणि द्वादशीचे पारणे नानांच्या फुलपात्राने केले. तेव्हापासून आमचा स्नेह जडला. माझे अक्षर बरे म्हणून वस्तूंच्या पाट्या लिहिण्याचे काम मजकडे आले. मी मोठ्या निष्ठेने लिहिले, 'हुतात्म्याचे प्रक्षेपणायुध'. नानांनी पाटी दूर धरून पाहिली, जवळ धरून पाहिली.

"गुर्जी, ही गोफन हाय."

"अर्थ तोच आहे, नाना."

"मग गोफनच लिवा की. बाबा सवताच्या गोफनीला वळकणार न्हाईत असं नगा करू."

मी पाटी पुसली. संस्कृत पाठशाळेत माझे शब्द इतक्या थोडक्यात कोणी तपासले नव्हते.

दारावर मात्र पाटी नव्हती. विचारले तर नाना म्हणत, "दार हाय. दिसतंय की." नानांचे राहते घर गावात दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होते. एक, नानांचा एकटेपणा. त्यांनी लग्न केले नाही. दुसरी, त्या घराला पुढचे दारच नव्हते. चौकटीत गोणपाटाचा पडदा लोंबत असे आणि कुत्री, कोंबड्या, वाटसरू सारे मुक्तद्वार ये-जा करीत. "चोर आला तर?" असे कोणी म्हटले, की नाना म्हणत, "येईल बिचारा. पानी पिऊन जाईल." आम्ही हसत असू. त्या पडद्याचा आणि संग्रहालयातील दाराचा संबंध आमच्यापैकी एकाच्याही ध्यानी आला नाही.

यंदा संग्रहालयाचे छत गळू लागले. घोंगडीच्या एका कोपऱ्याला कसर लागली. दुरुस्ती हवी तर संग्रहालय सरकारी यादीत जायला हवे, म्हणून पाहणीसाठी जिल्ह्याहून एक अधिकारी बाई आल्या. नानांनी फुलपात्र पुढे केले.

"नको, माझी बाटली आहे," बाई म्हणाल्या.

"तुमची तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. आधी हितलं पाणी."

बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी एकादशीची हकीकत सांगितली. त्या मोकळेपणी हसल्या, पाणी प्यायल्या आणि कुलूप निघाले. प्रत्येक वस्तू त्यांनी आदराने पाहिली. दारापाशी मात्र त्या थबकल्या.

"ह्याची नोंद नाही. कुणाचं, कुठलं, इथं का आहे, तेवढं लिहून द्या. नोंद नसलेली वस्तू यादीत घेता येणार नाही. मी परवा येते. तोवर एक तर नोंद द्या, नाहीतर दार हलवा."

त्या दिवशी बाई गेल्यावर नानांनी कुलूप लावले, पण तांब्या उचलायचे विसरले.

दुसऱ्या सकाळी माझी पूजा आटोपते तोच नाना ओट्यावर येऊन बसले.

"गुर्जी, पाटी लिवायची. दार माझ्या घरचं हाय."

मग त्यांनी सांगितले. ज्या दिवशी सुभानजीबाबा पकडले गेले, त्या दुपारी ते नानांच्या घरापुढे आले होते. "माय, पानी दे," एवढेच म्हणाले. शिपाई वेशीपाशी पोचले होते. नानांची आई घरात एकटी होती, कडेवर दोन वर्षांचे मूल होते. तिने दार लावून घेतले. बाबा पाणी प्यायला ओढ्याकडे वळले.

"पुढं आई जगली तवर पानी पिण्याआदी दारात जाऊन बगायची, कुनी हाय का म्हनून. मरताना मला सांगितलं. त्याच दिवशी म्या दार उचकटून काढलं."

मला सवयीने जुनेच शब्द सुचले. "नाना, 'तत्कालीन भयग्रस्त परिस्थितीत' असे लिहू या. मातेला दोष लागणार नाही."

"तिला न्हाईच लावायचा. तिचं नाव नगं. माझं लिवा. माझ्यापायी लागलं ते दार." ते ओट्यावरून उठले. "पर आधी तान्हूआक्काला वाचून दावा. ती नगं म्हनली तर दार आजच फोडतो."

तान्हूआक्का म्हणजे सुभानजीबाबांची लेक. वय पंचाऐंशीच्या पुढे. दरवर्षी पुण्यतिथीला ती येई, नानांच्या हातचे पाणी पिई आणि घोंगडीवर हात फिरवून जाई.

आम्ही तिला संग्रहालयात आणले. नाना माझ्या पाठीमागे उभे राहिले. मी वाचले: "हे दगडूच्या घराचे दार. सुभानजीबाबांनी पाणी मागितले तेव्हा हे लावून घेतले. आत दगडू होता."

गोफण लिहावी तसे लिहिले होते. एकही जड शब्द नव्हता.

आक्काने पुन्हा वाचायला लावले. मग काठी टेकीत ती दाराजवळ गेली. कडीवर बोट ठेवले, फळीवरून तळवा फिरवला, जसा ती घोंगडीवरून फिरवी.

"दोन वर्साचा व्हतास व्हय रं?" ती म्हणाली.

"व्हय, आक्का."

"मी आठाची. आमी लेकरं लपलो व्हतो कडब्यात. आमच्याबी आयनं त्या दिशी आमच्यापायी दार लावलं व्हतं."

ती सावकाश वळली आणि उंबऱ्यावर बसली. मग नानांकडे मान वर करून तिने दटावले, "आन् आज इसरलास जनू? उनात आले मी. आधी पाणी म्हन की."

नाना तांब्या आणायला धावले. मी खिळा शोधून पाटी दाराच्या वरच्या फळीवर ठोकली. खाली फुलपात्र भरले, भरून वाहू लागले, तरी नाना ओतीतच होते आणि आक्का त्यांना थांबवीत नव्हती.