धोंडबाची जीप आणि महाराजांचं ठिगळ

एका जंगलात एक जीप होती. आता जंगलात जीप कुठून आली, असं कोणीही विचारायचं नाही. गोष्टीत आली म्हणजे आली. चिंचा चोखणं थांबवा आणि ऐका बघू.

तर जीप होती जुनी. डिझेलवर चालायची आणि चारही चाकांनी ओढायची. चिखल बघायची नाही, ओढा बघायची नाही. ती होती सिंहमहाराजांची, आणि चालवायचा धोंडबा अस्वल. धोंडबा तिला रोज पुसायचा, काच लखलखीत ठेवायचा. पोटाखाली मात्र कधी डोकावायचा नाही, कारण वाकलं की त्याचं स्वतःचं पोट मधे यायचं.

पोटाखाली काय होतं? टाकीतून इंजिनाकडे डिझेल नेणारी लोखंडी नळी होती. ती गंजली. एक दिवस टपटप गळायला लागली. धोंडबानं बायकोचा चंदनी साबण घेतला आणि भोकावर चोळून चोळून बसवला.

"तात्पुरतं," तो म्हणाला.

त्या जंगलात हा शब्द सगळ्यांचा फार लाडका होता. तिथं तात्पुरतं केलेलं नातवंडांपर्यंत पोचायचं.

मग नळी दुसरीकडे गळली. तिथं मर्कटरावांनी ट्यूबची पट्टी गुंडाळली. हे मर्कटराव म्हणजे जंगलाचे ठिगळप्रमुख. नळी आणखी एकीकडे गळली, तिथं लाख लावली. पुढच्या भोकावर तर खुद्द महाराजांनी ठिगळ लावलं, आणि त्याचं उद्घाटन केलं! हो हो, त्या जंगलात प्रत्येक ठिगळाचं उद्घाटन व्हायचं. फीत, नारळ, भाषण, पेढे, सगळं. महाराजांच्या ठिगळाची लाल फीत तर अजून तिथंच बांधलेली होती.

गळणं थांबलं. पण ठिगळांच्या फटींतून नळीत हवा शिरायला लागली, आणि हवा शिरली की डिझेलची गाडी मरते. घाट आला की जीप दोन आचके द्यायची आणि गप्प. असं दरवेळी. मग धोंडबा बॉनेट उघडून उभा राहायचा आणि आत बघून मान हलवायचा. त्याला वाटायचं, मान हलवली की काहीतरी होतं.

एकदा अशीच जीप घाटात बसली. मागे धोंडबाची बायको सगुणा करंज्यांचा डबा घेऊन बसलेली. ऊन मी म्हणत होतं. करंज्या मुंग्यांनी खाल्ल्या. सगुणा उतरली आणि घाटापलीकडे माहेरी चालत गेली.

तिथून तिचा निरोप आला. "येईन तर जीपनंच येईन, आणि न थांबता. वाटेत एकदा जरी थांबलात, तर मी उतरून माघारी. मग बसा त्या जीपशीच संसार करत!"

धोंडबाच्या तोंडचं पाणी पळालं. सगुणा गेल्यापासून घर खायला उठलं होतं. पिठलं करायला गेला की खाली लागायचं आणि वर कच्चं राहायचं. तिची फार फार आठवण यायची, रागावण्याची सुद्धा.

मग धोंडबा पहिल्यांदा जीपखाली शिरला. पोट आत ओढलं, श्वास रोखला, आणि नळीला नख लावलं. तर काय! नळीचा भुगा हातात आला. नळी उरलीच नव्हती हो. ठिगळाला ठिगळ धरून बसलं होतं.

तो मर्कटरावांकडे धावला. "मर्कटराव, नळी बदलायला हवी."

"बदलायला?" मर्कटराव फांदीवरून पडता पडता वाचले. "अरे, त्या नळीवर महाराजांचं ठिगळ आहे! ते कुठं ठेवायचं? तुझ्या डोक्यावर?"

"पण नळी गंजलीय."

"मग आणखी एक ठिगळ लावू. पेढे कुठले सांगायचे?"

धोंडबा मान हलवत घरी परतला. पण दुपारी सगळं जंगल जेवून घोरायला लागलं, तेव्हा तो पलीकडच्या हत्तीच्या गॅरेजातून कोऱ्या नळ्या घेऊन आला. एक डिझेल नेणारी, एक उरलेलं परत आणणारी. टाकी रिकामी केली. डिझेल नाकात गेलं, कानात गेलं, चुकून थोडं तोंडातही गेलं. नळ्या वाकवल्या, क्लिपा आवळल्या, टाकी पुन्हा भरली, मग छोटा हातपंप दाबून दाबून सगळी हवा काढली.

जुनी नळी टाकायची त्याची छाती झाली नाही. लाल फीत होती ना तिच्यावर! दोन्हीकडून सोडवलेली ती नळी त्यानं खालीच सुतळीनं बांधून ठेवली. चंदनी साबणावरून त्यानं एकदा हात फिरवला. शेवटी पहिलं ठिगळ त्याचं स्वतःचं होतं. डोळ्यांत पाणी आलं. थोडं डिझेलही असेल.

संध्याकाळी किल्ली फिरवली, आणि जीप अशी गुरगुरली की महाराज दचकून उठले.

"बघितलंत?" मर्कटराव ओरडले. "आपली ठिगळं!"

"माझं ठिगळ," महाराज म्हणाले.

"तेच ते, महाराज!"

महाराज एवढे खूश झाले, की दुसऱ्या सकाळी सगुणेला आणायला स्वतः जीपमधे बसले. मर्कटराव टपावर. जाताना जीप घाट सरसर चढली. सगुणा डबा घेऊन बसली. ती गालातल्या गालात हसली. धोंडबाला आभाळ ठेंगणं झालं.

परतताना मात्र, ऐन घाटात, सुतळी तुटली.

खण्ण खण्ण खडाड! जुनी नळी ठिगळांसकट रस्त्यावर पडली आणि लाल फीत हलवत दरीकडे घरंगळत निघाली.

"थांब!" महाराज गरजले. "धोंडबा, थांब! माझं ठिगळ पडलं!"

धोंडबाचा पाय ब्रेककडे गेला. तेवढ्यात आरशात सगुणा दिसली. तिनं डबा उचलून मांडीवर घेतला होता आणि एक हात दाराच्या कडीवर ठेवला होता.

बाळांनो, राजाची आज्ञा मोडणं सोपं नसतं. पण करपलेलं पिठलं धोंडबानं खाल्लं होतं, राजानं नाही. त्यानं डोळे मिटून पाय उचलला आणि तोच ॲक्सिलरेटरवर दाबला. मग घाटात आहोत हे आठवून डोळे उघडले.

"राजद्रोह!" मर्कटराव टपावरून किंचाळले.

"अहो, कसला राजद्रोह?" सगुणा मागून म्हणाली. "महाराजांच्या ठिगळाचा प्रताप तरी बघा! नळी पडली, तरी गाडी पळतेय!"

महाराजांनी आयाळ सावरली. "खरंच की," ते म्हणाले.

मग काय विचारता! जंगलात मोठा सत्कार झाला. मर्कटरावांना शाल मिळाली. नळीशिवाय ठिगळावर चालणारी पहिली जीप म्हणून तिला हार घातला. विहिरीच्या पंपाचीही नळी काढून नुसती ठिगळं लावावीत, असं तिथंच ठरलं. धोंडबानं सगळ्यात मोठ्यानं टाळ्या वाजवल्या आणि घरी जाऊन करंज्या खाल्ल्या.

खाताना सगुणेनं विचारलं, "काय हो, ती नळी पडली, तेव्हा चंदनाचा वास कशाचा आला?"

धोंडबानं आणखी दोन करंज्या एकदम तोंडात कोंबल्या.

तात्पर्य: मोडलेलं बदलू नये. बदललंच, तर कोणाला सांगू नये. आणि बायको मागे बसली असेल, तर राजा थांब म्हणाला तरी थांबू नये.