हरपलेल्या ‘झु’ची मोहीम

विज्ञापना ऐसीजे. रस्त्याने मान वर करून पाट्या वाचीत चालणारे, आणि मान खाली घालून मोबाइल वाचीत खांबास धडकणारे, उभयतां वाचकांनी चित्त देऊन ऐकावे. ‘झुळूक पडदे शिवण केंद्र’ या तख्ताचे पहिले अक्षर कैसे पडले, त्याचे वळण ऊर्फ फॉन्ट कोणता याचा शोध कैसा लागला आणि कोणी लाविला, ते साद्यंत लिहिले असे. ज्यांनी लाविला त्या भाचीसाहेब, इयत्ता नववी ब, याच प्रस्तुत बखरकार होत. तथापि त्यांची स्तुती जेथे जेथे येईल ती निःपक्षपाती समजावी.

तर बुधवारी दुपारी शेजारच्या चष्मेवाल्याने आपली पाटी पुसावयास शिडी लाविली, आणि शिडी सरकली, आणि आमच्या ‘झु’स धक्का बसला, आणि ‘झु’ रस्त्यावर आला, आणि मग त्यावरून पाण्याचा टँकर गेला. अक्षर जागीच कामास आले. उरले ते ‘ळूक पडदे शिवण केंद्र’. लागलीच गिऱ्हाईके पुसू लागली की ळूक हे कोठले कापड, धुतल्यावर आटते काय.

तख्ताच्या धनीण आत्यासाहेब, कातरबहाद्दर, बाहेर आल्या, वर पाहिले, आणि शटर खाली ओढून फर्माविले की मुंडके उडालेल्या पाटीखाली आपण बसणार नाही. मग पाटीवाला हुजूर दाखल जाहला. त्याने अर्ज केला की मूळ पाटी करणारा परदेशी गेला, अक्षरे कोणत्या फॉन्टात कापली ते तोच जाणे, शनिवारी बारापर्यंत फॉन्टचे नाव आणावे, पुढे अक्षरे कापण्याचे यंत्र महिनाभर एका इस्पितळाच्या कामी गुंतले आहे, नाव न मिळाल्यास सारी पाटी नव्या वळणात करून देतो, “हल्ली सगळे तसलंच घेतात, मॅडम.”

आत्यासाहेबांचा चेहरा उतरला. कारण ऐसे की, त्यांची शाळा आजोबांनी निवडली, नवरा आजीने, घराचा रंग सासूबाईंनी. ती अक्षरे मात्र त्यांनी आठ दिवस नमुने चाळून एकटीने निवडिली होती. हे त्यांनी कधी कोणास सांगितले नव्हते. भाचीसाहेबांस त्या दुपारी सांगितले, तेही धुळीचे निमित्त करून नाक पुसता पुसता. ते ऐकून भाचीसाहेबांनी मुठी आवळल्या आणि मोहीम शिरावर घेतली.

प्रथम दुकानाच्या फोटोंचे दफ्तर उलगडिले. तो काय चमत्कार! अकरा वर्षांत पाटीखाली त्रेसष्ट फोटो काढिले, आणि त्रेसष्टांतही आत्याचे यजमान, ज्यांस सारे काका म्हणतात, ते नेमके ‘झु’पुढे उभे. कोठे टोपी, कोठे टक्कल, ‘झु’ कोठेच नाही. काकांची जबानी घेतली असता ते म्हणाले, “अगं, तिथंच ऊन लागत नाही.”

सबब बाकीच्या अक्षरांवरून फॉन्ट ओळखणे प्राप्त जाहले. या कामी थोरले दादासाहेब कुमकेस आले. त्यांस चित्रकलेच्या कॉलेजात जाऊन दोनच महिने जाहले असल्याने त्यांस सर्व ठाऊक होते. ‘चित्र दाखवा, फॉन्टचे नाव सांगतो’ ऐसे बिरुद मिरविणारे एक संकेतस्थळ त्यांनी उघडिले आणि पाटीचा फोटो रवाना केला. उत्तर आले की हे कुंपण आहे. दादासाहेबांनी मसलत केली की शिरोरेषेमुळे शत्रू गोंधळतो, ती छाटावी. मग दोन तास खपून सर्व अक्षरांची शिरोरेषा खोडिली आणि पुनरपि चाल केली. या खेपेस संकेतस्थळाने ब्याण्णव इंग्रजी फॉन्टांची यादी धाडिली. त्यांत सर्वांत निकट म्हणून एक, सर्कशीच्या तिकिटावर शोभेल ऐसा. “जवळपास आलोय आपण,” दादासाहेब वदले, आणि जेवावयास गेले.

शुक्रवारी सकाळी भाचीसाहेब एकट्याच त्या चित्राकडे पाहत बसल्या. आणि पाहता पाहता ‘शिवण’मधल्या ‘ण’वर दृष्टी गेली, आणि अकस्मात पोटात गोळा आला, तळहातांस घाम फुटला, आणि नऊचा पाढा आठवेना. हे काय अरिष्ट, ऐसा विचार करिता उजेड पडला, की हाच तो ‘ण’, जो दर सहामाहीस प्रश्नपत्रिकेच्या कोपऱ्यात ‘एकूण गुण’ म्हणून उभा राहतो! जे यंत्रास उमजले नाही ते भाचीसाहेबांच्या पोटास उमजले.

तत्काळ शाळेच्या दफ्तरी जाऊन टायपिंगबाईंपुढे फोटो ठेविला आणि या फॉन्टचे नाव मागितले. बाईंनी चष्म्यावरून पाहिले.

“फॉन्ट कशाला गं? सहामाहीचा पेपर छापतेस की काय घरी?”

“नाही हो बाई. मला फक्त एक ‘झु’ हवाय.”

“उगाच थापा मारू नकोस. ‘झु’ कशाला लागतोय? अख्ख्या मराठीच्या पेपरात ‘झ’ नाहीये. कालच टाइप केलाय मी.”

ऐसे वदल्या आणि जीभ चाविली. पेपराची खबर स्वमुखे फुटली, हे बाईंच्या ध्यानी आले, आणि त्यांनी हळूच दार लोटले.

“कोणाला बोलणार नाहीस ना, बाळा?”

मग तह ठरला. भाचीसाहेबांनी ‘झ’विषयी परीक्षेपर्यंत मौन पाळावे; बाईंनी फॉन्ट द्यावा. त्याप्रमाणे जुना संगणक उघडिला, आणि फॉन्टचे नाव निघाले ‘उमाळा जाड’. ज्या अक्षरांनी नववीच्या तीन तुकड्यांस रडविले, त्यांचे नाव उमाळा! तो फॉन्ट त्या संगणकाबाहेर काही केल्या निघेना, म्हणून बाईंनी कागदभर मोठा ‘झु’ छापून दिला, आणि भाचीसाहेबांनी तो दप्तरात न घालता दोन्ही हातांनी छातीशी धरून, लोक बघत असता, पाटीवाल्याकडे नेला.

शनिवारी अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी नवा ‘झु’ शिडीवर चढला. आत्यासाहेब रस्त्यापलीकडून हुकूम सोडीत होत्या: डावीकडे, अजून, तेवढं नको, पोट खाली येतंय त्याचं. मग “हं. हेच,” इतकेच बोलून शटर वर केले.

मग त्यांनी भाचीसाहेबांस आत बोलावून कापडांच्या भिंतीपुढे उभे केले आणि फर्माविले की तुझ्या खोलीच्या पडद्याकरिता एक निवड, कोणाला विचारायचं नाही. दादासाहेबांनी निळ्याविषयी तोंड उघडिले, त्यांस बाहेर घालविले. आईसाहेब पांढऱ्याविषयी बोलू लागल्या, त्यांसही. भाचीसाहेब एक तास दहा मिनिटे उभ्या होत्या. अखेर भडक केशरी, त्यावर हिरवे बेडूक, ऐशा कापडावर बोट टेकिले.

दारातून आईसाहेब किंचाळल्या, “अगं, बेडूक?”

आत्यासाहेबांनी ठाण ओढले आणि तत्क्षणी कात्री चालविली, जेणेकरून फेरविचारास जागा राहिली नाही.

येणेप्रमाणे ‘झु’ कायम जाहला, फत्ते जाहली, आणि बेडूक तख्तनशीन जाहले. लेखनसीमा.